राखणदाराची जागा

चारुताने चुन्यात ब्रश बुडवला आणि जांभ्या दगडावर शेवटचा पांढरा ठिपका काढला.

"अजून एक काढ," निहार म्हणाला. तो तिचा मावसभाऊ, सुट्टीसाठी मुंबईहून आलेला. "इथून लोक सरळ करवंदीत घुसतील."

"तू घुसलास म्हणून सगळे घुसत नाहीत."

तोंडवली गावच्या देवळापासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं, कड्यावरून समुद्र बघायचा आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरायचं, अशी ही वाट होती. गावात येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती आखायची कल्पना प्रीतमकाकाची. चुना त्याने दिला, दिशा त्याने दाखवली. "ही वाट तुज्या नावान वळाखतले गो, चारू," असं म्हणून त्याने तिच्या पाठीवर थाप मारली होती. ती अगदी लहान असल्यापासून काका तिला सड्यावर फिरायला नेत असे. तो ह्याच्या-त्याच्याशी गप्पा मारत मागे राही आणि ती प्रत्येक वळणावर त्याच्यासाठी थांबे.

उद्या सकाळी गावासमोर वाटेचं उद्घाटन होतं.

तेवढ्यात सोनल चढ चढून आली. ती चारुताची वर्गमैत्रीण. एरवी लांबूनच हाका मारत यायची. आज सरळ येऊन चुन्याच्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली.

"बरा केलंस," ती म्हणाली. "माज्या आजयेची वाट बंद केलंस."

"कसली वाट?"

"जुनी. आंब्याकडची. तुज्या काकान तार मारल्यान. आजी मासळीची टोपली घेवन इली तर तिका म्हणता, ही माजी खाजगी जागा, पोरांनी नवी वाट काढली हा ती वापर."

जुनी वाट काकाच्या बागेच्या कडेने सरळ किनाऱ्यावर उतरत होती. सोनलची जानकीआजी आणि गावातल्या कितीतरी बायका त्याच वाटेने मासळी आणत. नवी वाट सुंदर होती, पण डोक्यावर ओझं घेऊन कडा कोण चढणार?

"सोनल, माका म्हायत नव्हता."

"चुनो तुज्याच हातार आसा."

चारुताने हात पाठीमागे नेले. "पण काका ती वाट बंद करूक शकना नाय. थंय राखणदार आसा. राखणदार आसा तीच गावची वाट."

"राखणदार आता तुमच्या वाटेर आसा. जावन बघ."

तिघं सुरूच्या बनात धावली. राखणदार म्हणजे वाटेची राखण करणारा देव, एक गुडघाभर उंचीचा दगड. वाटेने जाणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे झाडाची एक डहाळी ठेवी आणि मगच पुढे जाई. कालपर्यंत बनात काही नव्हतं. आज तो दगड तिथे उभा होता, पुढ्यात हिरव्या पाल्याचा ढीग घेऊन. जणू तो कायम इथेच होता.

निहार खाली बसला. "इथे सगळी वाळू आहे. मग ह्याच्या बुडाला लाल माती कशी?" त्याने एक डहाळी उचलली, मग दुसरी. "आणि हे बघ. सगळ्या कोयत्याने कापलेल्या. सारख्या तिरक्या."

चारुताने बघितलं. येणारे-जाणारे डहाळी हाताने मोडतात. चालताना कोयता कोण काढतो?

तारेखालून सरपटत ती आंब्यापाशी गेली. दगडाच्या जागी लाल मातीचा खळगा होता. भोवती वर्षानुवर्षं कुजलेल्या पाल्याची काळी, मऊ माती होती. आणि खळग्याच्या काठावर फोडलेला ताजा नारळ आणि विझलेल्या उदबत्तीची काडी.

निहारला हसू आलं. "चोरी करायची आणि वर पुरावा ठेवून जायचं?"

"तेच्या लेखी ती चोरी न्हय," सोनल म्हणाली. "आधी राखणदाराची माफी मागल्यान, मगे उचलल्यान."

चारुता हसली नाही. हा नारळ कोणाच्या हातचा, हे तिला विचारायची गरजच नव्हती.

"काकांनाच जाऊन विचारूया," निहार म्हणाला.

"इचार. सकाळपर्यंत नारळय नाय नि खळगोय नाय," सोनल म्हणाली.

चारुताने नारळाची भकलं उचलली. "काका माका फसयता. तुज्या आजयेक फसयता. पण राखणदाराक फसवूचो नाय. तेका तो भियाता."

सकाळी बनात गाव जमला. किनाऱ्यावर उतरलेले चार पाहुणेही कॅमेरे घेऊन आले होते. गावचे मानकरी हरिश्चंद्र आजोबा फीत कापायला पुढे झाले.

"आजोबानू," चारुता म्हणाली, "आधी गाऱ्हाणा होऊंदे. काकान घालूचा. वाट तेच्याच डोक्यातली."

"बरा बोलता चेडू," आजोबा म्हणाले. "घाल रे प्रीतम."

शुभकार्याआधी देवाला मोठ्याने साकडं घालायचं, ते हे गाऱ्हाणं. काकाला पुढे यावंच लागलं. त्याने हात जोडले. "बा राखणदारा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"आज ह्या पोरांनी ही वाट काढली हा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तिची राखण कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काकाने घाईने हात खाली घेतले.

"काका, जागो सांगूचो रवलो," चारुता म्हणाली. "हो तुजो पूर्वापार जागो, असा म्हण. दर खेपेक म्हणतत."

काकाने पुन्हा हात जोडले. ओठ हलले, शब्द आला नाही. सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायला थांबलेला, आणि नुसती समुद्राची गाज.

काका तिच्याकडे वळला. "चारू, माका आधी येवन इचारूचा होता."

"तू माका इचारलंस?"

निहारने नारळाची भकलं आणि कापलेल्या डहाळ्या आजोबांसमोर ठेवल्या. आजोबांनी दगडाच्या बुडाची लाल माती बोटाने खरवडली.

"प्रीतम, राखणदाराचो जागो खंय?"

काकाने मान खाली घालून आंब्याकडे हात केला.

तार त्यानेच सोडली. दगड त्यानेच उचलून आंब्यापाशी परत नेला. हरिश्चंद्र आजोबा मुलांना म्हणाले, "आमी रोज ह्या वाटेन चालतो, पण बघलास तुमी. शाबास रे पोरांनो." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जानकीआजीने टोपली खाली ठेवली, डहाळी मोडून राखणदारापुढे वाहिली आणि तोच हात चारुताच्या डोक्यावर ठेवला.

चारुताने आणलेला चुन्याचा ब्रश सोनलने घेतला आणि जुन्या वाटेच्या पहिल्या दगडावर ठिपका काढला.

"वाकडो इलो," निहार म्हणाला. तेवढी मालवणी तो आता शिकला होता.

सगळे किनाऱ्याकडे उतरू लागले. सर्वांच्या शेवटी काकाने हाताने एक डहाळी मोडली. "चारू, वायच थांब गो," त्याने मागून हाक मारली.

वळणावर चारुताचे पाय सवयीने थांबले. मग ती सोनलच्या मागून खाली उतरत गेली.