आठ नंबरची सीट

भाड्याच्या सायकलींच्या सीटखालच्या दांड्यावर एक ते दहा आकडे असतात. कळ उघडायची, सीट हव्या त्या आकड्यावर आणायची, कळ घट्ट दाबायची. कळ ढिली राहिली तर सीट बसणाऱ्याच्या वजनाने खाली जाते.

वर कधीच येत नाही.

हे मी स्वतः दहा-बारा सायकलींवर करून पाहिलंय, म्हणून पुढचं लिहायचं धाडस करतेय. पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. पण माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. दोनदा मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

गेल्या हिवाळ्यातला गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. बस बंद होत्या, म्हणून मावशी पहिल्यांदाच प्रयोगशाळेसमोरच्या सायकल स्टँडवर गेली. मोबाइलवरून कुलूप उघडलं. सीट तीनवर आणली. मावशी बुटकी आहे.

तेवढ्यात नणंदेचा फोन.

"वहिनी, गिऱ्हाईक उद्यापर्यंतच थांबणार आहे. घर विकायचं की नाही?"

"सांगते."

"दोन वर्षं सांगतेच आहेस! छप्पर पडल्यावर सांगणार का?"

"सांगते म्हटलं ना."

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, वारल्यापासून ते घर कुलूपबंद होतं. मावशी नोकरीसाठी या शहरात आली, एका खोलीत राहू लागली. इथे तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. घर न विकण्याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं... लोकांनी वेड्यात काढलं असतं.

काकांना इथला पत्ता माहीत नव्हता.

कालव्याकाठचा रस्ता रिकामा होता. वाटेत औषधाच्या दुकानापाशी ती थांबली. सायकलला कुलूप लावलं. तीन मिनिटांत बाहेर आली...

सीट आठवर होती.

कुणीतरी चावटपणा केला असेल. तिने आजूबाजूला पाहिलं.

कुणीच नव्हतं.

तिने सीट पुन्हा तीनवर आणली, कळ दाबली. हात थांबला. आठ. काका उंच होते. दोघांत एकच सायकल. सकाळी ते कारखान्यात नेत, दुपारी ती. रोज सीट वर, आणि रोज तिची कटकट. "आल्यावर खाली करून ठेवली तर हात झिजतील का तुमचे?"

काका हसत. "वर दिसली की कळतं ना तुला, मी येऊन गेलो."

ती निघाली. मागून चेनचा आवाज येत होता. ती पायडल मारायची थांबली...

आवाज थांबला नाही.

पुढे सिग्नल लाल झाला. तिने ब्रेक दाबला, पाय खाली टेकवायला गेली.

पाय टेकलाच नाही.

ती कशीबशी फुटपाथचा कठडा धरून उतरली. उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालली. घराजवळच्या स्टँडमध्ये चाक घुसवलं आणि मागे न बघता जिना चढली.

नवख्या माणसाची चूक. हिरवा दिवा लागेपर्यंत चाक आत दाबायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

खोलीत चहा ठेवला. मोबाइल वाजला.

"तुमचा प्रवास सुरू आहे."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

मावशी खाली गेली. स्टँडवर सात सायकली होत्या. सहांच्या सीट वेगवेगळ्या. सातवी तिची. सिग्नलपाशी उतरल्यावर तिने सीट स्वतः तीनवर आणली होती. दोनदा पाहिलं होतं.

आठ.

आपोआप? नाही, असं होत नाही, हे मी तिला आकृती काढून समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "तेच तर सांगतेय." तेव्हापासून सायकल घेताना मी आधी आकडा बघते.

मावशीने चाक आत दाबलं. हिरवा दिवा लागला. सीटला मात्र तिने हात लावला नाही... आयुष्यात पहिल्यांदाच ती तशीच वर राहू दिली. मग तिथेच उभं राहून फोन लावला.

"काय गं वहिनी, बरी आहेस ना? आवाज असा का येतोय?"

"घर विकून टाक," मावशी म्हणाली. "आता तिथे कुणी येणार नाही."