पेगच्या हातची कॉलर

ते दार लावून घ्या आणि जवळ सरका. हे ऐकीव नाही, पोरांनो. माझ्या चुलतबहिणीच्या, नुआलाच्या बाबतीत घडलेलं आहे.

आमच्या आयर्लंडात, या मोनाहनकडे क्रोशाच्या लेसचा नमुना म्हणजे घराचं गुपित. शेजारीण आली की बायका विणकाम एप्रनखाली सारायच्या. नुआलाचा हात चांगला होता. पण शेजारच्या पेग मॅकार्डलसारखा नाही. चाळीस वर्षं नुआला तिच्यावर जळली. पेगही काही कमी नव्हती. "छान हो तुझी लेस, नुआला. बटाटे गाळायला बरी!" असं चारचौघांत म्हणायची.

ऑक्टोबरात पेग वारली. तिची खोली आवरायला नुआलाच गेली, आणि तिथली पेगनं विणलेली लेसची एक कॉलर हिनं गुपचूप पिशवीत टाकली.

दोन नोव्हेंबर २०१९, शनिवार. मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेत गावच्या कलाकुसरीचं प्रदर्शन होतं. साडेसहाला नुआला माझ्याकडे शाळेची किल्ली न्यायला आली. कॉलर दाखवली.

"तू विणलीस?" मी विचारलं.

"मग काय पेगनं?" ती फणकारली आणि निघाली.

पुढचं तिनंच नंतर सांगितलं. शाळेत तिनं कॉलर काचेच्या पेटीत मांडली. पेटीला बाहेरून स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. पेटीला लागूनच खुर्चीवर टेकून बघत बसली.

दिवा गेला.

मागे दुसरी खुर्ची सरकली.

"मॉस? तूच ना रे?"

मी तर घरी होतो...

मग कानाशी आवाज. दोऱ्यातून क्रोशाची सुई ओढल्यासारखा. टुक... टुक...

तिला उठता येईना. डोकं मागे ओढलं जात होतं. हळू. अगदी हळू.

"पेग...?"

टुक.

"चाळीस वर्षं सगळे तुलाच छान म्हणाले गं... एकदा मला..."

टुक.

"फाडते चिठ्ठी. हे बघ, फाडली..."

टुक... टुक...

आठ वाजले तरी किल्ली परत येईना, म्हणून मी आणि माझी बायको शाळेत गेलो. दिवा चालू होता. नुआला खुर्चीत, मुठीत चिठ्ठीचे कपटे. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, निघताना होता तसाच. "सोडा... सोडा..." एवढंच म्हणत होती.

बायकोनं रुमाल सोडला.

नुआलाच्या केसांची लेस विणलेली होती. मानेपासून थेट टोकापर्यंत. टाके इतके बारीक की कात्रीचं टोक शिरेना. असा नमुना गावात कुणी पाहिला नव्हता. शेवटी केस मानेपाशीच कापावे लागले.

शेवटचा टाका तेवढा अर्धाच सोडलेला होता, विणणारी पुन्हा येऊन पुरा करणार असल्यासारखा.