अडखळलेली दुपार

“माझ्या बहिणीनं हे केलंय की नाही, तेवढं शोधून द्या,” पाहुणा म्हणाला. “तिला वाचवा असं मी म्हणत नाही.”

भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. सख्खा भाऊ असं बोलतो?

वहिनी मात्र शांतपणे ऐकत होत्या. पूर्वी त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, आता लोकांच्या भानगडी सोडवायच्या. दीर हाक मारतो म्हणून सगळं जग त्यांना वहिनीच म्हणे. भाऊजींची उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली होती. आता ते वहिनींची गाडी चालवत, आणि चुकीच्या निष्कर्षाला नेहमी वहिनींच्या आधी पोचत.

हकिगत अशी होती. पाहुण्याची बहीण डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स. दान आलेलं बुबुळ कुणाला बसवायचं, याची तिथे संगणकावर प्रतीक्षायादी असते. सोमवारी दुपारी कुणीतरी एका लहान मुलीला पहिल्या जागेवरून खाली ढकललं आणि तिथे एका म्हाताऱ्या कंत्राटदाराला आणून बसवलं. संध्याकाळी बुबुळ आलं, ते म्हाताऱ्याला मिळालं. मुलगी अजून अंधारातच. यादीचा पासवर्ड अख्ख्या विभागाला ठाऊक, तेव्हा त्यावरून चोर सापडेना. पण नेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर मिळतो, तो त्याचा पत्ता. बदल ज्या नंबरावरून झाला, तो त्या वेळी नर्सच्या लॅपटॉपकडे होता, असं हॉस्पिटलची नोंद सांगत होती.

“आज चारला समिती बसतेय. नोकरी जाईलच, पण नर्स म्हणून नोंदणीही रद्द होईल. पुन्हा कुठल्याच दवाखान्यात तिला उभं करणार नाहीत.”

वहिनींनी चष्मा पुसला. “भाऊजी, गाडी काढा.”

हॉस्पिटलच्या क्वार्टर्सच्या दोन इमारती होत्या, एक पुढची, एक मागची. नर्स पुढच्या इमारतीत राहत होती. तिचे डोळे रडून नव्हे, जागून लाल झाले होते. सोमवारी रात्रपाळी लांबली, दुपारी ती खोलीवर आली आणि लॅपटॉप उघडून आईशी बोलायला बसली.

“बोलणं कसलं,” ती म्हणाली. “आईचा चेहरा मधेच थिजायचा, आवाज तुटायचा. कंटाळून बंद केलं आणि झोपले. दादालासुद्धा हे पटलं नाही.”

हॉस्पिटलचा नेटवर्कवाला तरुण होता आणि आपल्या कामावर खूश होता. दोन्ही इमारतींना स्वतंत्र सर्व्हर आहे, असं त्यानं सांगितलं. कोण जोडू पाहतंय ते सर्व्हर ओळखतो आणि त्याला नंबर देतो. नंबरांचा साठा मात्र दोघांत सामाईक, म्हणून दिलेला नंबर ते एकमेकांना कळवत राहतात. सोमवारी सकाळी माळ्याच्या कुदळीनं दोघांमधली ही निरोपाची केबल तुटली.

“तरी एकाचंही नेट बंद पडलं नाही, बाई. जे आधीपासून जोडलेले होते, त्यांचे नंबर तसेच राहिले. नव्यानं आलेल्याला ज्या त्या सर्व्हरनं आपल्याकडचा पहिला मोकळा नंबर दिला. संध्याकाळी केबल जोडली, पुढच्या सर्व्हरची नोंद खरी धरून मागच्यावर चढवली, आणि सगळं जुळलं.”

“म्हणजे मागच्याची त्या दिवसाची नोंद?”

“पुसली गेली. तिची गरजच काय?”

दुपारी पुढच्या इमारतीत नव्यानं जोडली गेली ती एकटी नर्स. मागच्या इमारतीत दोघं घरी होते.

भूलतज्ज्ञ डॉक्टर सोमवारी सुट्टीवर होते आणि सकाळपासून अनोळखी लोकांशी नेटवर बुद्धिबळ खेळत होते. नेट कसं होतं, असं वहिनींनी विचारलं.

“लोण्यासारखं. सगळे डाव हरलो, आणि दोष द्यायला नेटसुद्धा नव्हतं.”

भिंतीला भिंत लागून विभागाच्या स्टोअरकीपरचं घर. सोमवारी ते दुपारी जेवायला आले होते. बोलणं मऊ, खुर्ची पुढे करण्याची घाई.

“त्या दुपारी नेट इतकं अडखळत होतं की साधं पान उघडेना. यादी काय बदलणार, कपाळ?”

मुलीचं ठरतंय, म्हणून घर असं पसरलंय, असं त्यांची बायको म्हणाली. त्यांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

वॉर्डात कंत्राटदार आजोबा पट्टी बांधून पडले होते. यादीचं त्यांच्या गावीही नव्हतं. मुलाचं लग्न जुळतंय, सुनेचं तोंड बघायला मिळेल, याच आनंदात ते होते. भाऊजींना गहिवरून आलं.

हॉस्पिटलच्या संचालिकेला सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांच्याकडून वहिनींनी एकच गोष्ट जाणून घेतली. बदल पहिल्या फटक्यात झाला नव्हता, तो पुन्हा पुन्हा अर्धवट तुटला होता. मॅडमच्या मते हा नर्सच्या चिवटपणाचा पुरावा होता.

“नेटवर्कवालाच,” जिन्यात भाऊजी कुजबुजले. “नोंद त्याच्या हातात.”

“नोंद पुसल्याचं त्यानं आपण होऊन सांगितलं, भाऊजी. चोर असं सांगत नाही.”

चारला वहिनींच्या विनंतीवरून सगळे समितीच्या खोलीत जमले.

“एक लॉज समजा,” वहिनी म्हणाल्या. “दोन दारं, दोन काउंटर, खोल्या सामाईक. एकानं खोली दिली की तो दुसऱ्याला फोन करतो. सोमवारी तो फोन बंद पडला. पुढच्या दारानं सिस्टर आल्या, त्यांना पहिली मोकळी खोली मिळाली. मागच्या दारानं आणखी कुणी आलं. त्या काउंटरच्या लेखी तीच खोली अजून मोकळी होती.”

नेटवर्कवाल्याचा चेहरा उतरला. “पण मग दोघांचंही नेट धड चाललं नसतं. उत्तर कधी एकाकडे गेलं असतं, कधी दुसऱ्याकडे.”

“म्हणूनच सिस्टरच्या आईचा चेहरा थिजत होता. म्हणूनच यादी बदलणाऱ्याला इतकी खटपट करावी लागली. डॉक्टर सकाळपासून जोडलेले होते, त्यांचा नंबर जुना, त्यांचं नेट उत्तम. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, एकाचंच अडखळत होतं. तेही त्यांनीच मला सांगितलं.”

सगळ्यांच्या माना स्टोअरकीपरकडे वळल्या. ते हसले. “मी कशाला करू?”

“तुमच्या मुलीचं ठरतंय. वॉर्डातल्या आजोबांच्या मुलाचंही ठरतंय. ते तुमचे होणारे व्याही का?”

स्टोअरकीपर घड्याळ बघू लागले.

“नका सांगू. सर्व्हरवरची नोंद पुसली गेली. पण कुठला नंबर मिळाला होता आणि तो आणखी कुणाकडे सापडला, हे तुमच्या लॅपटॉपनं लिहून ठेवलेलं असेल. भाऊजी तुमच्याबरोबर येतील, घेऊन या.”

भाऊजी उठले. स्टोअरकीपर उठले नाहीत.

“त्यांनी काही मागितलं नव्हतं,” ते खाली बघत म्हणाले. “पोरीला त्या घरात मान मिळावा, एवढंच वाटलं.”

“एका पोरीच्या मानासाठी दुसऱ्या पोरीचा डोळा,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

त्यांनी तिथेच त्या लहान मुलीचं नाव यादीत पुन्हा पहिलं केलं, नर्सविरुद्धचं प्रकरण बंद करायला सांगितलं आणि तिला म्हणाल्या, आता घरी जा, झोप.

नर्स हलली नाही. “मॅडम, मागच्या वर्षी औषधांच्या चोरीवरून एका वॉर्डबॉयला काढलं. तेव्हाही पुरावा म्हणून नंबरांची हीच नोंद होती ना?”

मॅडमनी नेटवर्कवाल्याकडे पाहिलं.

“त्या दिवशी केबल शाबूत होती का?” वहिनींनी विचारलं.

“दुरुस्ती चालू होती,” तो हळूच म्हणाला.

निघण्यासाठी उभ्या राहिलेल्या मोठ्या मॅडम पुन्हा खुर्चीत टेकल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “सगळेच बसा.”