माझ्याकडून फुटली

घड्याळजी आत आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "माझ्या बायकोची वही चोरीला गेली."

वहिनींनी हातातलं काम बाजूला सारलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांच्या भानगडी तपासत होत्या. त्यांच्या मते कामात फरक काहीच नव्हता. चूक शोधायची, एवढंच.

भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, गालाला हात लावून कोपऱ्यात बसले होते. जन्मभर त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. आता ते वहिनींच्या मागून हिंडत आणि आपण मदत करतो असं समजत. त्यांची चांगली कवळी तीन आठवडे दुरुस्तीला पडली होती आणि जुनी हिरड्यांना चावत होती. कवळीवाल्या बाई रोज एकच सांगत, "एक नाजूक जोडकाम आलंय, ते आधी." माणसाच्या तोंडापेक्षा नाजूक काय असतं, हे भाऊजींना कळत नव्हतं.

"वही कुठे होती?" वहिनींनी विचारलं.

"पेटीत. आणि पेटी लपवलेली होती."

"कोणापासून?"

"कोणापासून नाही हो. सगळ्यांसाठी!"

मग त्यांनी खेळ समजावला. कुणीतरी एक पेटी लपवतं आणि त्या जागेचे आकडे संकेतस्थळावर टाकतं. लोक फोनवर ते आकडे घेऊन शोधत फिरतात. सापडली की आतल्या वहीत दोन शब्द लिहायचे, पेटी होती तिथे ठेवायची आणि संकेतस्थळावर नोंद करायची. नियम एकच, नोंदीत जागा उघड करायची नाही. पुढच्याच्या आनंदावर पाणी पडतं.

"सात वर्षांपूर्वी हिनं पेटी ठेवली. लाकूडकाम माझं, कल्पना तिची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तिथं जातो आणि नवीन कोणी काय लिहिलंय ते वाचतो. अनोळखी माणसं तिचे आभार मानतात. या सोमवारी गेलो तर पेटी नाही. रविवारी मुलगी न्यायला येतेय. कायमचं जायचंय तिच्याकडे. वहीच्या पहिल्या पानावर हिचं अक्षर आहे. दुसरं कुठंच उरलेलं नाही."

"पोलिसांत?"

"गेलो होतो. विचारलं, वहीत आहे काय? म्हटलं, आभार. सगळे हसले."

असे हसणारे ठायी ठायी बसलेले असतात. ज्यांचे आभार आयुष्यात कुणी मानले नाहीत, त्यांना आभारांची वही चोरीला जाते म्हणजे काय जातं, हे कसं कळावं?

"कोणावर संशय?" भाऊजींनी आपली टिपणवही उघडली.

"दोघांवर. सुपरफास्ट नावाची एक आहे, कुरियरवाली. सगळ्यात आधी पोचते आणि सगळं बडबडते. हिच्याशी एकदा वाजलं होतं तिचं, पेटी उचलून नेईन म्हणाली होती. आणि दुसरा तो बत्तिशी. तीन आठवड्यांपूर्वी उगवला. स्वतःच लिहिलंय त्यानं, पेटी फोडली म्हणून. वर नाव बघा! फोडायचं आणि बत्तिशी दाखवायची!"

पेटीची जागा वाचनालयामागच्या झाकलेल्या बोळात होती. भिंतीवरून दोन पन्हळी खाली आल्या होत्या. एकीतून पाणी यायचं, दुसरी नुसतीच दिखाऊ. घड्याळजींनी दुसरीच्या तोंडात हात घालून साखळी ओढली. भिंतीवरच्या घड्याळाचं वजन उतरावं तशी साखळी घरंगळत खाली आली. टोकाला काही नव्हतं.

"कापली!" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी शेवटची कडी बोटावर घेतली. "कापली असती तर दोन्ही टोकं सपाट दिसली असती. ही झिजून बारीक झालीय आणि ताणून उघडलीय. खाली बघा भाऊजी."

भाऊजींनी पाहिलं. फरशी होती. फरशीसारखीच.

"सगळीकडे बोटभर धूळ आहे. इथे मात्र हातभर जागेत जेमतेम पातळ थर. कोणीतरी ही जागा पुसून घेतलीय, थोड्या दिवसांपूर्वी." वहिनी वाकल्या आणि भिंतीच्या सांध्यातून नखाएवढी लाकडाची ढलपी काढली. "एवढी एकच राहिली. चोर कधी पुसून जातो का?"

"नीटनेटका असेल."

"तुमच्यासारखा नसेल, एवढं नक्की."

मग गाठलं मास्तरांना. भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ संकेतस्थळावरच्या नोंदी सांभाळत. खोलीभर नकाशे आणि जिभेवर साखर.

"बत्तिशीची नोंद मी लगेच उडवली," ते म्हणाले. "पण प्रत माझ्याकडे असते." त्यांनी कागद पुढे केला.

वहिनींनी मोठ्यानं वाचलं. "'पेटी सापडली. पण माझ्याकडून फुटली. फार वाईट वाटतंय. क्षमा करा, आणि इतकी सुंदर वस्तू बघायला मिळाली म्हणून आभार.' यात जागा कुठे सांगितलीय?"

"इथे नसेल. पण दुसरीकडे कुणाला तरी सांगितली असणारच ना! आमच्यात पेटी फुटली म्हणजे जागा उघड झाली. पेपर फुटतो ना, तसं. खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"या बत्तिशीच्या आधीच्या नोंदी किती?"

मास्तरांनी पडद्यावर पाहिलं. "ही पहिलीच."

"तुम्ही फोन केलात?"

"छे, उगीच कुणाचा अपमान कशाला? आमचं एक ठरलेलं सभ्य पत्र आहे, तेच जातं." त्यांनी तेही दाखवलं, जरा अभिमानानंच. 'आपण प्रामाणिकपणे कळवलंत, आभारी आहोत. चूक कोणाकडूनही होते. कृपया दुरुस्त करून पुन्हा ठेवावी. तोवर याविषयी कुठेही बोलू नये, ही नम्र विनंती.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट एका जागी थांबलेलं भाऊजींनी पाहिलं. भाऊजींनी त्या जागी नीट बघितलं. शुद्धलेखन तर बरोबर होतं.

सुपरफास्ट तिच्या कुरियरच्या गोदामात पुडक्यांवर शिक्के मारत होती. हात थांबले नाहीत, तोंडही नाही.

"मी पेटी नेली? कोण म्हणतं? ते म्हातारबाबा? अहो, रागात बोलले होते मी एकदा! नोंदीत लिहून बसले, पन्हळीत हात घाला म्हणून. दुसरं कुणी असतं तर नोंद उडवून मोकळं झालं असतं. पेटीवाल्या बाईंनी फोन केला. मी तणतणले, पेटीच उचलून नेईन म्हटलं. तर म्हणतात कशा, 'आधी चहाला ये, मग ने.' गेले. म्हणाल्या, 'तुला किती आनंद झाला ते लिही की. जागा कशाला सांगतेस?' त्या दिवसापासून एक पेटी फोडली नाही मी. बाई गेल्या तेव्हा गाडी बाजूला घेऊन रडले." धाडकन शिक्का बसला. "त्या वहीत पहिलं नाव माझं आहे. मी ती चोरीन?"

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे बत्तिशीच चोर. पण शोधायचा कुठे?"

"उद्या सगळ्यांना बोलवा," वहिनी म्हणाल्या. "तुमची कवळी आणायला जायचंय."

"माझी कवळी आणायला चौघं कशाला?"

"जड असेल."

कवळीवाल्या बाईंच्या कामाच्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीनं हसत बसले होते. घड्याळजी, मास्तर आणि सुपरफास्ट एका बाकावर दाटीवाटीनं बसले. बाई एकेकाकडे बघत राहिल्या. टेबलावर काहीतरी फडक्याखाली झाकलेलं होतं.

"मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकले," वहिनींनी सुरुवात केली. "आपल्याला जे वाटतं ते वाचू नये, जे लिहिलंय ते वाचावं. बत्तिशीनं लिहिलं, पेटी माझ्याकडून फुटली. तुम्ही सगळे मुरलेले खेळाडू. तुम्ही वाचलंत, जागा उघड झाली. पण ती त्या माणसाची पहिलीच नोंद. तुमची बोली त्याला कुठून येणार? त्याच्या लेखी फुटली म्हणजे फुटली! कपबशी फुटते तशी."

घड्याळजी ताठ झाले.

"झिजलेली कडी उघडली आणि पेटी फरशीवर आली. ढलपी मला मिळाली. बाकीचे सगळे तुकडे कोणीतरी वेचून, फरशी पुसून घेऊन गेलं. तुकडे चोर वेचत नाही. जोडणारा वेचतो."

"मग सांगायचं ना तसं!" मास्तर म्हणाले.

"सांगितलं! पहिल्याच दिवशी, लेखी. तुम्ही ते उडवलंत आणि कळवलंत, दुरुस्त करून पुन्हा ठेवावी, तोवर कुठेही बोलू नये. काय दुरुस्त करून, मास्तर?"

"नोंद! अर्थात नोंदच..." मास्तर थांबले. मराठीत नोंदही ती आणि पेटीही ती. त्यांचा चेहरा उतरला.

"तो शब्द पत्रात नाही. तुमच्या मनात होता. शिवी दिली असतीत तर समोरून भांडण आलं असतं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तुमची सभ्यता भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही."

"पण बत्तिशी कोण?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच रोज सांगत होतात. तीन आठवडे एक नाजूक जोडकाम. आणि बत्तिशी हे नाव कोण घेईल? दात दाखवणाराच घेईल असं नाही. दात करणाराही घेईल."

भाऊजींनी फळीवरच्या जबड्यांकडे पाहिलं. जबडे त्यांनाच हसत होते.

कवळीवाल्या बाईंनी फडकं उचललं. पेटी उभी होती. सांधे नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हते. "एकच ढलपी मिळेना," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून थांबले होते. सोमवारी कोणी वही वाचायला येतं असं ठाऊक असतं तर... पण पत्रात होतं, बोलू नये. मला वाटलं, किती मोठ्या मनाचे लोक, रागावले पण नाहीत."

वहिनींनी रुमालाची गाठ सोडून ढलपी पुढे केली. ती चपखल बसली.

घड्याळजींनी सांध्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कडी माझी होती बाई. दर महिन्याला ओढत होतो आणि बघितली नाही. जन्मभर लोकांची घड्याळं तपासली मी." त्यांनी हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून ती केराच्या टोपलीत गेली नाही."

वही कोरडी, धडधाकट होती. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्यांनी वही सुपरफास्टपुढे धरली, पुढचं तिनं वाचलं.

'ज्याला सापडेल त्याचे आधीच आभार. जागा तेवढी सांगू नका. बाकी सगळं सांगा.'

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि ते शेवटचं वाक्य तळहातावर लिहून घेतलं, शाळेतल्या पोरासारखं.

रविवारी सकाळी, मुलगी यायच्या आधी, सहाही जण बोळात जमले. घड्याळजींनी नवी जाड कडी बसवली. वही बरोबर न्यायची म्हणून त्यांनी पिशवी आणली होती. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

"नेत नाही?" भाऊजींनी विचारलं. दुरुस्त झालेल्या कवळीमुळे शब्द अगदी स्वच्छ आले.

"तिथं हिच्यासाठी कोण लिहिणार? राहू दे इथंच. बाई बघतील." कवळीवाल्या बाईंनी मान हलवली. घड्याळजींनी पेन मागितलं. "आज मीपण लिहितो."

"मालकानं लिहायचं नसतं म्हणे."

"मालकीण ती होती. मी शोधत आलो." त्यांनी नव्या पानावर लिहिलं, 'सापडली. आभार.' आणि साखळी हलकेच सोडली. आतल्या वजनानं पेटी वर गेली.

त्याच दुपारी भाऊजींनी जन्मातली पहिली नोंद संकेतस्थळावर टाकली, मोठ्या हौसेनं. तासाभरात फोन वाजला. मास्तर होते.

"भाऊजी, नोंद फार छान झालीय. फक्त तिसऱ्या ओळीत तुम्ही पन्हळ लिहून बसलात. उडवत नाही मी. संध्याकाळी चहाला या, बसून बदलू. आणि बाकी सगळं सांगा."