सुट्टीच्या दिवशीचं विष

"माझ्या नवऱ्याला कुणीतरी विष घालतंय," काकू म्हणाल्या, "आणि कोण घालतंय तेही मला माहीत आहे."

भाऊजींनी चहात बुडवलेलं बिस्किट तसंच धरून ठेवलं. व्हायचं तेच झालं, त्याचा कपात गाळ झाला.

वहिनींनी मात्र चष्मा पुसला. विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतर त्यांनी तपासाचं हे छोटं ऑफिस थाटलं होतं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवायचे, चहा करायचे आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून येणारा प्रत्येकजण बाईंना वहिनीच म्हणू लागला होता.

"कोण घालतंय?"

"माझी सून. आज संध्याकाळी तिच्या भावाला बोलावलंय. तिला कायमची घेऊन जा म्हणून सांगणार आहे."

"आधी सगळं नीट सांगा, काकू."

काकूंचा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. मुलगा सामान घडवायचा, बाप त्याला झळाळी आणायचा. कारखाना घराच्या मागच्या अंगणातच होता. वर्षभर काकांचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठले की कोरड्या उलट्या. अन्नावरची वासना उडालेली. पायाला मुंग्या, अंगावर न लागता उठलेले काळेनिळे डाग.

"आणि गंमत बघा," काकू म्हणाल्या, "कारखान्यात गेले की तासाभरात माणूस टवटवीत. सुट्टीच्या दिवशी घरी असले की दिवसभर हाल. मागे कारखान्याला रंग दिला तेव्हा घरीच होते, तर झटका आला. डोळे फिरवले, जीभ चावली. म्हणजे विष घरातच आहे की नाही?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लिव्हर सुजलंय म्हणाले. खाणं, पिणं, व्यसनं, सगळं विचारलं. मीच सांगितलं, माझा माणूस चहासुद्धा दुसऱ्यांदा मागत नाही. तेव्हापासून स्वयंपाक मी करते, ताट आधी मी चाखते. पण चहा त्यांना सुनेच्याच हातचा लागतो. आणि ती देते अर्धा कप. कधी भरून देईल तर शपथ. त्या अर्ध्या कपातच पाणी मुरतंय."

"काका आत्ता कुठे आहेत?"

"घरीच. मुलाने परवापासून कारखान्याला कुलूप लावलंय. म्हणाला, बाबा, जरा विश्रांती घ्या."

वहिनी ताडकन उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

"चहा तरी..."

"राहू दे तो चहा."

काका पलंगावर बसले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी सदरा घामाने अंगाला चिकटला होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट झाला होता. ते थरथरत्या बोटांनी चादर झटकत होते.

"मुंग्या," ते भाऊजींना म्हणाले. "बघा ना, किती मुंग्या. जरा झटका हो."

भाऊजींनी वाकून बघितलं. चादर स्वच्छ होती. पण माणूस इतक्या काकुळतीने सांगतोय म्हटल्यावर त्यांनीही दोनदा हात फिरवला. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही.

वहिनी बाहेर आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स बोलवा. आत्ताच्या आत्ता. आधी झटका येऊन गेलाय हे नक्की सांगा. आणि येईपर्यंत मुलाला त्यांच्याजवळ बसवा."

"विष इतकं चढलं?"

"फोन करा, भाऊजी."

स्वयंपाकघरात सून ओट्याला टेकून उभी होती. रडून रडून नाक लाल झालं होतं. काकू दारात पहारा देत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"बाबांना अर्धाच कप का देतेस?" वहिनींनी विचारलं.

सुनेने सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. "कुणाला सांगणार नाही असं बाबांना कबूल केलंय."

"बाबा आत नसलेल्या मुंग्या झटकतायत, बाळा. आता गप्प बसून त्यांचं भलं होणार नाही."

तिने पदराने नाक पुसलं. "सकाळी त्यांचे हात फार थरथरतात. भरलेला कप सांडतो. आईंच्या लक्षात येऊ नये म्हणून अर्धा देते. म्हणाले, वयाचा कंप आहे, तुझ्या सासूला उगाच घोर नको."

"संध्याकाळीही थरथरतात?"

"नाही ना. कारखान्यातून आले की हात एकदम स्थिर. मी मशीनवर बसले तर सुईत दोरासुद्धा ओवून देतात."



वहिनींनी मुलाच्या जागी काकूंना पलंगापाशी बसवलं आणि त्याला घेऊन कारखाना उघडला. पुढच्या भागात रंधा, करवत आणि भुशाचा ढीग होता. मागे घट्ट दाराची एक खोली होती.

"ही पॉलिशची खोली. मी कधी आत जात नाही," मुलगा म्हणाला. "माझ्या अंगावर कायम भुसा. ओल्या पॉलिशवर एक कण बसला तरी सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. बाबा काम करत असले की आम्ही दारही ठोठावत नाही. आईसुद्धा नाही."

दार उघडताच स्पिरिटचा वास नाकात घुसला. भाऊजींना शिंक आली. फळीवर बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीच्या तोंडाशी पॉलिशमधली तपकिरी लाख वाळून घट्ट बसली होती. वहिनींनी एकेक बूच पिळून बघितलं. एकही सहज निघेना.

कोपऱ्यातल्या बाटलीवर लाल अक्षरांत 'विष' लिहिलं होतं. तिचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि बूच एका हाताने निघालं.

"यात काय असतं?"

"कुणास ठाऊक. लहानपणापासून बघतोय. विष लिहिलंय म्हटल्यावर हात कोण लावणार?"

भाऊजींनी वहिनींना बाजूला ओढलं. "वहिनी, विष सापडलं, किल्ली मुलाकडे, आणि बाप गेला की कारखाना त्याचा. आता अजून काय पाहिजे?"

"तुमचं निम्मं बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. भाऊजींच्या बाबतीत हे फारच होतं.

ॲम्ब्युलन्स वाटेत होती. काकांचा हात हातात घेऊन काकू बसल्या होत्या. मुलगा आणि सून दाराशी उभे होते. वहिनींनी काकांसमोरच बोलायचं ठरवलं.

"काकू, तुम्ही सगळे एकच विचारत होतात, घरी यांना काय दिलं जातं? मी उलटं विचारलं. कारखान्यात मिळतं आणि घरी मिळत नाही, असं काय आहे?"

काकांनी डोळे मिटून घेतले.

"सकाळी थरथरणारा हात कारखान्यात गेल्यावर स्थिर होतो. वयाचा कंप कामाच्या वेळा बघून येत-जात नाही. सुट्टीच्या दिवशी हाल, बरेच दिवस घरी राहिलं की झटका, आता घाम आणि मुंग्या. त्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीचं बूच लाखेने चिकटलंय, कारण तिच्यात पॉलिश आहे. विषाच्या बाटलीला लाखेचा थेंबही लागलेला नाही. तिच्यात पॉलिश कधी नव्हतंच. तिच्यात दारू आहे."

"काहीतरीच काय?" मुलगा म्हणाला. "बाबांना कधी झोकांड्या खाताना बघितलंय का कुणी?"

"झोकांड्या खाणाराच दारुडा, हीच तर आपली समजूत. शरीराला इतकी सवय झाली की माणूस पिऊन सरळ चालतो आणि न पिता कापतो. लिव्हर, पाय, अंगावरचे डाग, सगळं दारूचंच. विश्रांतीसाठी तुम्ही कुलूप लावलंत आणि यांची दारू एका झटक्यात तुटली. तुम्ही प्रेमानेच केलंत. पण अशी अचानक तुटलेली दारू जिवावर बेतते."

"मग बाटली आणू का? घोटभर..." मुलगा म्हणाला.

"नाही. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. यावर औषधं आहेत."

काकूंचा चेहरा पडला होता. "अहो, इतकी वर्षं शेजारी झोपले मी. मला वास येऊ नये?"

"आला असेल की, काकू. पण तो यांच्या धंद्याचाच वास. पॉलिशवाल्याच्या अंगाला स्पिरिटचा वास आला म्हणून कोण संशय घेईल? तुमची यात काही चूक नाही."

काकांनी डोळे उघडले. बोलताना जीभ अडखळत होती. "आधी थंडीत घोटभर घ्यायचो. मग हात चालेना, म्हणून. तुला सांगणार होतो गं. रोज ठरवायचो."

काकूंना त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. त्यांनी त्यांचा हात सोडला नाही.

बाहेर ॲम्ब्युलन्स थांबली. स्ट्रेचर घेऊन माणसं आत आली. काकांना उचलून गाडीत ठेवलं. बरोबरची नर्स म्हणाली, "एकानेच बसा. वाटेत मला विचारावं लागेल, किती घेत होते आणि शेवटची कधी घेतली. खरं कळलं तरच डॉक्टरांना औषधाचा अंदाज येईल."

काकूंनी गाडीच्या दाराला हात लावला. पायरीवर एक पाय ठेवला. मग तो परत खाली घेतला.

मागे सून उभी होती. सकाळपासून या घरातलं कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं.

"तू बस," काकू म्हणाल्या.

"मी? आई, तुम्ही..."

"माझ्यासमोर ते निम्मंच सांगतील. मला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं तेच केलंय त्यांनी." काकूंनी तिला पायरीकडे पुढे केलं. "तुला निदान हाताचं तरी खरं सांगितलं होतं. जा, पोरी. सगळं विचारून घे. आम्ही मागून येतोच. तुझ्या भावाला मी फोन करते, येऊ नको म्हणून."

सून चढली. तिने सासऱ्यांच्या उशाशी बसून त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "बाबा, रोज किती?"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि सगळं खरं सांगितलं.