पूजेत ठेवलेल्या घोड्या

ही घटना खरी आहे. मनकर्णाने ती एकदाच सांगितली, तीही दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी.

आणि हे रात्री घडलेलं नाही. साल एकाहत्तर. मिरजगावात, सोलापूर रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये... भर दुपारी.

खंडेनवमीची सकाळ अगदी साधी होती. मनकर्णा सणाला माहेरी आली होती. तिचे वडील कारभारी मिस्त्री घासलेटात पाने धूत होते आणि ती पुसून पोत्यावर मांडत होती. पाने, हातोडे, ग्रीसगन, जॅक. शेवटी घोड्या, म्हणजे गाडी उचलली की खाली टेकू म्हणून लावायच्या लोखंडी तिवया. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. आता दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"मने, घोड्यांस्नी दोन फुलं जास्त घाल," आप्पा म्हणाले. "वर्सभर भार त्याच उचलत्यात. तुझ्या आईनं बी कधी एवढा उचलला न्हाई."

"ऐकू येतंय हां मला," आई आतून म्हणाली.

तेवढ्यात श्रीमंत ड्रायव्हर आला. मिलिटरीच्या लिलावातली दणकट पिकप, पण पुढची चाकं दारुड्यासारखी डुलत होती. स्टिअरिंगच्या दांड्याचे दोन्हीकडचे बॉल जॉइंट झिजले होते.

"मिस्त्री, ऊसतोडीची माणसं आनायचीत. तिसगावात लेकरंबाळं घेऊन वाटंला बसल्यात."

"आज न्हाई. लोखंड पूजेत हाय."

"देवीच्या वाघाचा पाय मोडला तर त्याला बी उद्या ये म्हनाल?"

आप्पा हसले. हसले आणि फसले.

"तुझं पानं काढ. माझ्या पूजेला धक्का लागाया नको."

श्रीमंतच्या जॅकने त्यांनी गाडीची पुढची बाजू उचलली. घोड्या पूजेत होत्या. म्हणून त्यांनी खाली विटा रचल्या आणि आड येणारा जॅक काढून घेतला. डावा जॉइंट नवा बसला. ग्रीसगनही पूजेतच, त्यामुळे ग्रीस भरायचं राहिलं. त्यांनी उजव्याला पाना लावला...

विटा फुटल्या.

माणसं गोळा होईपर्यंत मनकर्णा जमिनीवर आडवी पडून होती. तिने गाडीखाली अडकलेल्या आप्पांचा हात धरला होता.

"काय झालं गं, मने?"

"काही न्हाई, आप्पा. काही न्हाई झालं. काम चालू हाय."

हात सैल पडला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आई बोलली, भाऊबंद बोलले. कावळे झाडावर नुसते बसून राहिले. शेवटी मनकर्णाचा धाकटा भाऊ गहिनीनाथ हात जोडून पुढे झाला. "आप्पा, गाडीचं राहिलेलं काम मी पुरं करतो."

एक कावळा लगेच उतरला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मनकर्णाला मात्र तो कावळा परतताना कुठे गेला ते दिसलं. तो शेडच्या दिशेने गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गहिनीनाथ पिकपखाली शिरला. नगरच्या गॅरेजात तयार झालेला गडी. गाडी त्याने जॅकवर उचलून घोड्यांवर नीट टेकवली होती. मनकर्णा पाने द्यायला बसली.

बाहेर ऊन रणरणत होतं. तरी कुत्रं सावलीत येईना. उन्हातच बसून ते शेडकडे बघत होतं.

रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. पत्राही तडतडत नव्हता.

उजवा जॉइंट बसला.

"आक्का, ग्रीसगन दे."

तिने दिली. कच्... कच्... उजव्यात ग्रीस भरलं. गहिनीनाथने गाडीखालूनच ग्रीसगन तिच्या पायाशी सरकवली.

आणि तरीही...

कच्... कच्...

डाव्या बाजूने.

"गहिन्या?"

मग तो हळूच बोलला. तिच्याशी नव्हे.

"व्हय, आप्पा... व्हय. काढतो."

तो बाहेर आला. डोळे उघडे होते, पण नजर तिच्यावर नव्हती. त्याने जॅक फिरवून गाडी आणखी वर घेतली. एक घोडी ओढून काढली, बाहीने पुसली आणि पोत्यावर ठेवली. मग दुसरी.

"अरे, काय करतोस?"

"पूजेतल्या हायेत. आप्पा रागावल्यात."

कोपऱ्यात विटा होत्या. तो त्या रचू लागला. एकावर एक, मन लावून. मग त्याने जॅक उतरवला आणि पुन्हा खाली सरकला.

मनकर्णाने त्याचा पाय धरला. ओढला.

तो हलेना. पलीकडूनही कुणीतरी धरल्यासारखा.

एका विटेतून बारीक भुगा गळायला लागला...

आणि गाडीखालच्या अंधाऱ्या कडेकडून तो आवाज आला. दमलेला, कामात गढलेला, तिच्या ओळखीचा.

"मने, पाना दे."

तिचा दुसरा हात आपोआप पान्याकडे गेला. लहानपणापासूनची सवय. बोटं लोखंडाला लागली, तेव्हा तिला कळलं की आप्पांना कुणीच सांगितलेलं नाही.

गहिनीनाथ वाचला. त्याला त्या दुपारचं काही म्हणजे काही आठवत नाही. त्याला ओढून काढलं आणि विटांचा भुगा झाला. नंतर गाडी उचलून पाहिली तर डाव्या जॉइंटच्या कडेने ताजं ग्रीस बाहेर आलं होतं. त्या बाजूला तो गेलाच नव्हता. श्रीमंतने गाडी नेली आणि विकून टाकली. पुढे ती कुणाकडे गेली, कुणाच्या हाताखाली आली, मनकर्णाने विचारलं नाही. आजही भर दुपारी गाडीखालून नुसते पाय बाहेर आलेले दिसले की ती वाट बदलते. त्या दुपारी आप्पांनी आपलं खरं मानलं, की नुसतं ऐकून घेतलं, हे तिला अजून ठाऊक नाही.

पण त्या वेळी ती भुईवर आडवी झाली. एका हाताने भावाचा पाय आवळून तिने गाडीखालच्या काळोखात तोंड नेलं. दहा दिवसांत घरात कुणीही न उच्चारलेलं ती मोठ्याने बोलली.

"आप्पा, विटा फुटल्या हुत्या. माझ्या हातात हात हुता तुमचा. गहिन्याला सोडा... तुमी मेलात, आप्पा."