चेंडू पळवला म्हणून सण साधला

"लाकडं पुरेत रे! आता पाणी!" समीक्षा ओरडली. होळीसाठी ओंडके ओढून ती, ऋतिक आणि भिमी घामाघूम झाली होती. तिघं रिबेकामावशींच्या अंगणात शिरली.

मावशींनी तांब्या पुढे केला, पण स्वतः घोटही घेतला नाही. ओठ तर सुकून गेले होते!

"मावशी, तुमीपण प्या ना!" भिमी म्हणाली.

"आज एस्तेरचा उपास गो! पूर्वी इराणात हामान नावाच्या वजिराने आम्हा यहुद्यांना संपवायचा घाट घातला होता. राणी एस्तेर जीव मुठीत धरून राजापुढे गेली, म्हणून आम्ही वाचलो. तो सण पुरीम. अदार महिन्याची चौदावी तिथी. महिने चंद्राचे, म्हणून बहुधा तुमच्या होळीच्या आगेमागेच येतो."

"मग जेवणार कधी?" ऋतिकने विचारलं.

"दिवेलागणीनंतर. आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. माझा भाचा दानी माझ्या बाबांची एस्तेरच्या गोष्टीची पोथी वाचेल, मगच घास. मला ती अक्षरं दिसत नाहीत आता."

"दानीदादा? तो तर मैदानात बॅटिंग करतोय!"

तिघं धावतच मैदानात पोचली.

"दादा, चला! मावशी उपाशी आहेत!" समीक्षा म्हणाली.

"अगं, पुरीम उद्या! कॅलेंडरवर छापलंय की."

"आज मावळतीलाच लागतो! मावशींनी सांगितलं."

"बरं बाई, उद्या सकाळी वाचतो. सरका, शेवटची ओव्हर आहे!"

समीक्षाने डोळा मारला. टोलवलेला चेंडू भिमीपाशी आला मात्र...

"भिमे, पळ!"

चेंडू उचलून भिमी सुसाट सुटली! मागे दानी, त्याच्या मागे बॅटा-स्टंपांसकट दोन्ही संघ! भिमी थेट मावशींच्या ओट्यावर चढली.

उंबऱ्यात मावशी पोथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाट बघून डोळे भरून आले होते. दानी जागीच थांबला.

"मावशी, चुकलो गं," तो पुटपुटला आणि हातपाय धुऊन आला.

अंधार पडताच त्याने वाचायला सुरुवात केली. हामानचं नाव आलं की ते ऐकूच येऊ नये म्हणून गलका करायचा, असं मावशींनी सांगितलं होतं. मग काय! ठण् ठण् ठण्! ताटं वाजली, बॅटा आपटल्या, शिट्ट्या घुमल्या! शेजारची कुत्रीसुद्धा भुंकू लागली.

पोथी संपली. मावशींनी पुरीचा तुकडा तोंडात घातला आणि भिमीला जवळ ओढलं.

"सण राखलात गो पोरींनो! आणि तूपण रे, ऋतिक!"

"खरंय," दानीच्या संघाचे कॅप्टन महिपतकाका हसले. "दानी, अख्खी मॅच तुला कोणी आउट करू शकलं नाय. भिमीने केलं!"